फासळीची भूमिती
विज्ञान प्रदर्शनात विकत आणलेली तयार विमाने मांडण्याची प्रथा आम्हांस मान्य नाही. बंद सभागृहात रबराच्या पिळावर उडणारे विमान मुलांनी स्वतः घडवावे आणि आरंभ पंखाला बाक देणाऱ्या फासळीपासून करावा. एफ-१-डी या आंतरराष्ट्रीय वर्गात पंखांचा विस्तार ५५ सेंटिमीटर, तरी रबराविना वजन दीड ग्रॅमहूनही कमी ठेवता येते. इतक्या संथ उड्डाणाला जाड पंख निरुपयोगी. पातळ, किंचित वक्र पंखच विमान तोलून धरतो.

फासळी १२ सेंटिमीटर लांब आणि मध्यभागी ६ मिलिमीटर उंच हवी, तर कंसाची त्रिज्या किती? दहावीतील जीवांच्या अंतर्छेदनाचे प्रमेय येथे कामी येते : ६० गुणिले ६० भागिले ६ म्हणजे ६००, त्यात ६ मिळवून निम्मे केले की ३०३ मिलिमीटर. या त्रिज्येचा पुठ्ठ्याचा साचा बाल्साच्या पातळ फळीवर ठेवून पात्याने कापावे, साचा मिलिमीटरभर सरकवून पुन्हा कापावे. फासळ्या एकसारख्या निघतात. (पाते मात्र नवे हवे, बोथट पात्याने बाल्सा फाटतो.)

हे प्रमेय आमची मुले केवळ गुणांसाठी घोकतात, याचे आम्हांस शल्य आहे. येत्या वर्षी प्रयोगशाळेच्या निधीतून तयार संचांऐवजी बाल्साच्या फळ्या आणाव्यात, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.