तपासणीचा कागद आणि घरातला मुलगा

आखातातल्या नोकरीची वैद्यकीय तपासणी असो की इस्पितळातली भरती, लघवीच्या तपासणीच्या कागदावर नशेच्या पदार्थापुढे ‘पॉझिटिव्ह’ दिसले की घर हादरते. अब्बांचा आवाज चढतो, अम्मीच्या डोळ्यांत पाणी येते आणि मुलाचे कोणी ऐकून घेत नाही. म्हणून हा कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते आपण आधीच समजून घेऊ.

पहिली तपासणी बहुधा प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटीबॉडीच्या मदतीने होते. ही प्रतिपिंडे ठरावीक पदार्थाला चिकटतात. पण कुलपात कधी मिळतीजुळती किल्लीही फिरते, तसेच इथे होते. ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही जंतुनाशके घेणाऱ्याची अफूची चाचणी चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते. सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रिन किंवा आम्लपित्तावरचे रॅनिटिडिन अ‍ॅम्फेटामिनच्या चाचणीला फसवू शकते.

खसखशीची गोष्ट निराळी. हे दाणे अफूच्याच बोंडातले. त्यांना थोडे मॉर्फिन खरोखरच चिकटलेले असते. त्यामुळेच अमेरिकेत सरकारी नोकरीच्या तपासणीतली अफूची मर्यादा १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० करण्यात आली. शीरखुर्म्यात खसखस घालणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. संयुक्त अरब अमिरातीत तर खसखस नेण्यासच बंदी आहे.

उलट, ‘निगेटिव्ह’ पाहून निर्धास्तही होऊ नये. अफूची नेहमीची चाचणी ट्रामाडॉल किंवा फेंटानिल ओळखत नाही.

मग करावे काय? नमुना देण्यापूर्वी चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सांगावी. निकाल पॉझिटिव्ह आला, तर ‘गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री’ने खात्री करून मागावी. ही तपासणी नेमका पदार्थ ओळखते. हेरॉइनचा संशय असेल, तर त्याची खास खूण असलेले ‘६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन’ शोधता येते. खसखस खाल्ल्याने ते लघवीत येत नाही.

आमचे सांगणे एवढेच की, खात्री होईपर्यंत मुलाबद्दल बदगुमानी करू नका, मोहल्ल्यात चर्चा होऊ देऊ नका. आणि नशा खरीच निघाली, तरी त्याला घराबाहेर काढू नका. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. पहिला फोन अब्बांनीच करावा, मुलाला शेजारी बसवून.