न आलेल्या शत्रूसाठी गेलेली जमीन

या जानेवारीत बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे ऑकलंडला आले. तिकीट काढताना माझ्या लक्षात आलं नाही, पण त्यांच्या मुक्कामात 16 जानेवारी येत होती. उरण-पनवेल भागातल्या वाचकांना ही तारीख वेगळी सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचा शेतकरी रस्त्यावर उतरला होता. 1984 च्या 16 आणि 17 जानेवारीला पोलीस गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते, आंदोलनात होते. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी ते जासईला हुतात्म्यांना अभिवादन करायला जातात. यंदा पहिल्यांदाच चुकलं.

सकाळपासून त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. चहा तसाच गार झाला. बायको म्हणाली, "घरात बसवून ठेवू नकोस, कुठेतरी घेऊन जा." मी सुट्टी टाकली आणि त्यांना नॉर्थ हेडला घेऊन गेलो.

ऑकलंडच्या धक्क्यावरून डेव्हनपोर्टची फेरी जेमतेम बारा मिनिटांची. बाबांना ती एकदम भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचसारखी वाटली. "फक्त कोळणी आन टोपल्या नायत," एवढाच फरक त्यांनी काढला. उतरून किनाऱ्याच्या रस्त्याने पंधरा-वीस मिनिटं चाललं की समोर ती टेकडी येते. जुन्या ज्वालामुखीची, गवताने मढलेली, बंदराच्या अगदी तोंडावर. माओरी नाव मौंगाउइका. गेटवर तिकीट नाही, वर्दीतला माणूस नाही. पोरं पुठ्ठे घेऊन उतारावरून घसरत होती. ही इथली जुनी गंमत आहे, आमची मुलगीही हट्टाने करते.

ही टेकडी पोखरलेली आहे. आत बोगदे, दारूगोळ्याच्या खोल्या, वर तोफांचे गोल खड्डे. हे सगळं कशासाठी, त्याची गोष्ट मजेशीर आहे. 17 फेब्रुवारी 1873 ला ऑकलंडच्या 'डेली सदर्न क्रॉस' या वर्तमानपत्रात बातमी आली की रशियाची एक युद्धनौका रात्री बंदरात घुसली आणि तिने शहर ताब्यात घेतलं. लोक घाबरले. बातमी खोटी होती. शहराचं संरक्षण किती दुबळं आहे हे दाखवायला संपादकाने ती रचली होती. जहाजाचं नाव 'कास्कोविस्की'. मोठ्याने म्हणून बघा, इंग्रजीत 'व्हिस्कीचं पिंप' असं ऐकू येतं. पण भीती एकदा बसली की विनोद विसरला जातो. 1885 मध्ये रशिया आणि ब्रिटनमध्ये अफगाण सीमेवरून खरोखरच तणाव वाढला, तेव्हा घाईघाईने या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला. बरंचसं काम कैद्यांकडून करून घेतलं. त्यांची छावणी माथ्यावरच होती.

मोबाईलच्या टॉर्चवर आम्ही एका बोगद्यात शिरलो. आत गारवा, ओलसर वास, पाऊल टाकलं की घुमणारा आवाज. बाबा भिंतीवरून हात फिरवत चालले होते. बाहेर आलो ते दक्षिणेकडच्या तोफेपाशी. ही आठ इंची तोफ 'लपणारी' आहे. गोळा सुटला की त्याच धक्क्याने ती खाली खड्ड्यात बसते, तिथे आडोशाला पुन्हा भरायची आणि वर उचलायची. इंजिनिअर म्हणून मी तिच्यावर खूश आहे. तिचं काम समजावताना माझी दहा मिनिटं गेली. बाबांनी शांतपणे ऐकून एकच विचारलं, "आन कितीदा उरवली?"

शत्रूवर? एकदाही नाही. रशिया आलाच नाही. पुढच्या दोन महायुद्धांतही या टेकडीवरून शत्रूवर गोळा सुटला नाही.

बोगद्यांबद्दल इथे अफवाही भरपूर. बोइंग कंपनीची अगदी पहिली दोन विमानं 1918 मध्ये समोरच्या किनाऱ्यावरच्या वैमानिक शाळेने विकत घेतली होती. ती पुढे बेपत्ता झाली आणि याच टेकडीत कुठेतरी बंद बोगद्यात गाडली आहेत, असं लोक वर्षानुवर्षं सांगत आले. शेवटी सरकारने 1990 च्या दशकात रीतसर शोध घेतला. काही मिळालं नाही. बाबा म्हणाले, "आपल्याकरं पन परत्येक किल्ल्यात भुयार असतं, ते सरल दिल्लीला निंगतं." बऱ्याच वेळाने ते हसले, म्हणून मला बरं वाटलं.

माथ्यावरून दिसतं ते वर्णन करून सांगण्यासारखं नाही, पण दिशा सांगतो. ईशान्येला समुद्रात रांगीतोतो, सगळीकडून सारखाच दिसणारा ज्वालामुखी. पश्चिमेला शहराच्या इमारती. आणि दक्षिणेला, खाडीच्या पलीकडे, हिरवा कडा आणि त्यावर एक उंच स्तंभ. तो बॅस्टियन पॉइंट. बाबांनी बोट दाखवून विचारलं, म्हणून मी सांगितलं. आधी ठरवलं असतं तर त्या दिवशी मुद्दाम सांगितलं नसतं.

तिथेही याच रशियाच्या भीतीने 1886 मध्ये सरकारने नाती फातुआ या माओरी जमातीची जमीन संरक्षणासाठी घेतली. शत्रू आला नाही. संरक्षणाची गरज संपली. कारण संपल्यावर जमीन परत मिळायला हवी होती, ती शहराच्या महापालिकेला दिली गेली. आजूबाजूची जमीनही वेगवेगळ्या मार्गांनी गेली होती. 1976 मध्ये सरकारने तिथे पैसेवाल्यांसाठी घरं बांधायचं जाहीर केलं. मग 5 जानेवारी 1977 ला जमातीचे लोक जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली तिथे जाऊन बसले. तंबू ठोकले, भाजी लावली. 506 दिवस बसले. 25 मे 1978 ला पोलीस आणि सैन्य आलं, 222 जणांना अटक झाली, झोपड्या पाडल्या. पुढे 1987 मध्ये वैतांगी न्यायाधिकरणाने अहवाल दिला की जमातीवर अन्याय झाला होता, आणि 1991 च्या कायद्याने जमीन जमातीच्या नावावर परत आली.

"परत?" बाबांनी विचारलं.

"परत. आणि आपण बसलोय ती टेकडीसुद्धा. 2014 मध्ये कायदा झाला आणि ऑकलंडच्या चौदा ज्वालामुखी टेकड्यांची मालकी इथल्या तेरा जमातींच्या समूहाला दिली. ही त्यातलीच एक."

बाबा बराच वेळ पोरांचे पुठ्ठे घसरताना बघत राहिले. मग म्हणाले, "आन तरी पन तिकीट नाय? आपल्याला येऊन देतात?"

हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहितोय.

त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की या टेकड्या जमातींच्या आणि ऑकलंडच्या इतर सर्व लोकांच्या समान हितासाठी राखायच्या. कारभार बघायला मंडळ आहे, त्यात जमातींचे आणि ऑकलंड काउन्सिलचे प्रतिनिधी समसमान. वाद होतात. 2019 मध्ये दुसऱ्या एका टेकडीवरची विदेशी झाडं तोडण्यावरून आसपासच्या रहिवाशांनी मोठं आंदोलन केलं. म्हणजे सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं मला म्हणायचं नाही. पण ज्यांची होती त्यांच्या नावावर झाली म्हणून टेकडी बाकीच्यांना बंद झाली नाही. मूळ मालकाला परत दिलं तर सार्वजनिक कामाचं वाटोळं होईल, असं आपल्याकडे जे ठामपणे सांगितलं जातं, त्याला ही टेकडी उत्तर आहे.

बाबांची भातशेती आणि मिठागराचा वाटा सरकारी प्रकल्पात गेला. त्याचा राग त्यांनी कधी घरात काढला नाही. 1984 च्या लढ्यामुळे पुढे शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला, आणि त्यातला आमचा तुकडा विकून माझी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची फी भरली गेली. इथे यायचा विमानखर्चसुद्धा त्यातूनच निघाला. त्यामुळे 'प्रकल्प झाला म्हणून तू परदेशात गेलास' असं कुणी म्हटलं तर मला ते खोडता येत नाही. मी त्या जमिनीचाच पैसा आहे. म्हणून प्रकल्प नकोच होते, बंदर नको होतं, असं मी म्हणत नाही. मी विचारतो ते एवढंच : ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारण झालंच नाही, किंवा संपलं, तर जमीन कुणाची?

आपल्या 2013 च्या भूसंपादन कायद्यात यावर कलम आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन वापरली नाही, तर ती मूळ मालकाला, त्याच्या वारसांना किंवा सरकारच्या लँड बँकेला परत करायची. या वाक्यातल्या 'किंवा'कडे बघा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला 'किंवा'चा अर्थ पक्का माहीत असतो. दोन्हीपैकी एक झालं तरी अट पूर्ण. शेतकऱ्याला काहीच मिळालं नाही तरी कायदा पाळलाच गेला! बॅस्टियन पॉइंटला नेमकं हेच झालं होतं, जमीन सरकारी हातातून सरकारी हातात गेली. ती चूक दुरुस्त व्हायला या देशाला 506 दिवसांचं आंदोलन, एक न्यायाधिकरण आणि त्यानंतरही चार वर्षं लागली. आपण तो 'किंवा' काढून टाकायची मागणी करायला हवी, आणि ती करताना जासईची आठवण सांगायला हवी.

काही वाचक म्हणतील, पन्नास लाखांच्या देशाची तुलना आपल्याशी कशी करता? बरोबर आहे, जमीन परत देणं आपल्याकडे सोपं नाही. पण निदान खरं लिहून ठेवायला तर माणसं कमी पडत नाहीत ना? या टेकडीचा इतिहास इथे कुणी लपवत नाही. खोटी बातमी, कैद्यांचे कष्ट, कधीच कामी न आलेल्या तोफा, सगळं सांगतात. उरणसमोरच्या घारापुरीला हजारो माणसं लेणी बघायला जातात. त्याच बेटाच्या माथ्यावर ब्रिटिशांच्या दोन अजस्र तोफा आहेत, त्यांची गोष्ट किती जणांना माहीत असते? मलाही माहीत नाही. मोऱ्याच्या धक्क्यावरून ते बेट बघत मी लहानाचा मोठा झालो, लेण्यांपर्यंत चार वेळा गेलो आणि तोफांपर्यंत एकदाही चढलो नाही. आणि इथे पाहुणा आला की हातात टॉर्च घेऊन परक्या देशाच्या बोगद्याचा गाईड होतो. याची लाज मला त्या दिवशी वाटली.

आपण परदेशातले लोक पाहुण्यांना काय दाखवतो? पूल, टॉवर, मॉल, समुद्रकिनारा. 'बघा किती स्वच्छ आहे' म्हणतो आणि गावाकडच्या माणसाला उगाच ओशाळं करतो. त्यापेक्षा त्यांना इथल्या जमिनीची गोष्ट सांगा. ही जागा आधी कुणाची होती, कशी गेली, परत मिळाली की नाही. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा, आपण जिथे राहतो तिथे अशी गोष्ट असतेच. आपण त्या जमिनीवर घर घेतो, हप्ते भरतो, तेव्हा ती माहीत असणं हे आपलं कामच आहे. आणि ती ऐकायला शेतकऱ्याइतका जाणता श्रोता मिळणार नाही. माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही, पण बॅस्टियन पॉइंट त्यांना माझ्या कुठल्याही ऑफिसातल्या सहकाऱ्यापेक्षा लवकर समजला.

उतरताना बाबांनी एका ठिकाणी थांबून चप्पल काढली. मला वाटलं खडा गेला असेल. ते पलीकडच्या कड्याकडे तोंड करून उभे राहिले आणि हात जोडले. जासईचं अभिवादन त्यांनी तिथूनच केलं. मग चप्पल घालून म्हणाले, "चल बाला, लाँच चुकंल."

पुढच्या डिसेंबरात आम्ही सगळे उरणला जाणार आहोत. 16 जानेवारीनंतरचंच परतीचं तिकीट काढतोय. त्या सुट्टीत मुलीला घारापुरीच्या माथ्यावर घेऊन जायचं ठरलं आहे. ती विचारते, तिथे पुठ्ठा चालेल का? बघू म्हटलं.