घास मोजण्याचा दोष

आमच्या बैठकीच्या खोलीत दोन तानपुऱ्यांच्या शेजारी गेले पाच महिने एक वजनकाटा आहे. बेळगावच्या गणपत गल्लीतून मी तो आणला, तेव्हा सौ.ला वाटले की पेटीच्या दुरुस्तीसाठी काही आणले असावे. तो काटा स्वयंपाकघरातला आहे, आणि त्यावर मी माझ्या भाकरीचे पीठ मोजणार आहे, हे कळल्यावर घरात जी शांतता पसरली ती मैफलीत कलावंताचा षड्ज चुकावा तशी होती. ती शेवटी आईनेच मोडली. तिचे वय शहाऐंशी. ती एवढेच म्हणाली, "खाणाऱ्याचे घास मोजू नयेत रे. दोष लागतो."

जुन्या घरांतून वाढलेल्या वाचकांना हा दोष ठाऊक असेल. पाहुण्याची पोळी कितवी हे मनातसुद्धा मोजायचे नाही, सुनेच्या ताटाकडे टक लावून पाहायचे नाही, मुलाला "किती खातोस!" म्हणायचे नाही. 'घास मोजणे' याचा आपल्या भाषेत अर्थच मुळी कोतेपणा असा आहे. आमच्या घरात तर या गोष्टीला आणखी एक पदर होता.

माझे वडील, अण्णा, सारंगिये. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि दरबारी नोकरीची चार वर्षे त्यांच्या गाठीला होती. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ, त्यामुळे दरबार मला ऐकूनच माहीत. परंतु अण्णांच्या आठवणींत राग-रागिण्यांइतकेच शिध्याला स्थान होते. कोठीवरचा कारकून तांदूळ पायलीने द्यायचा, तूप नवटाकाने, आणि कोणाला किती मिळते यावर कोणाचा मान किती हे सगळ्यांना कळायचे. दरबार गेला, अण्णा आईच्या माहेरी बेळगावी आले, शिकवण्या करू लागले, आणि त्यांनी घरात एक नियम घातला: अन्नाचे माप काढायचे नाही. "ते कोठीवर झाले तेवढे पुरे." हात सैल ठेवून वाढायचे, हात सैल ठेवून जेवायचे. वयाच्या पासष्टाव्या वर्षी मधुमेहाने त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे नेली, आणि सत्तरी गाठली त्या वर्षी ते गेले. शेवटची काही वर्षे त्यांना मांडी घालून सारंगी धरता येत नव्हती. खुर्चीवर बसून वाजवणे त्यांनी मानले नाही; सारंगी खोळीत गेली ती गेलीच.

गेल्या श्रावणात शिकवणी संपल्यावर मला जमिनीवरून उठताना एका विद्यार्थ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. माझे वय सत्तेचाळीस, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९१ किलो. माझा एक जुना विद्यार्थी आता डॉक्टर आहे. त्याने रक्त तपासले आणि म्हणाला, "गुरुजी, साखर अजून कुंपणावर आहे. पण आत उतरायला वेळ लागणार नाही." मला अण्णांचा पाय आठवला. मोजायचे ठरले ते त्या दिवशी.

आता हे मोजणे म्हणजे काय? शाळेच्या पुस्तकांत आपण 'उष्मांक' हा शब्द वाचलेला असतो. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते तो एक उष्मांक. अन्न शरीरात तेवढी उष्णता देते, असा हिशेब. अमेरिकेतील विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो बसवला: पिष्ट पदार्थांच्या आणि प्रथिनांच्या ग्रॅमला चार, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमला नऊ. त्यात पुढे बारीकसारीक भर पडली, पण पाटीवरचा मुख्य आकडा तोच राहिला. आपल्या अन्नाचे कोष्टक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केलेले आहे. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ साली हैदराबादला आली. तिच्या जुन्या पुस्तकाची नवी, पुष्कळ वाढवलेली आवृत्ती २०१७ साली निघाली. बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २,११० उष्मांक आणि ५५ किलोच्या स्त्रीला १,६६० लागतात, असा २०२० सालच्या शिफारशींचा अंदाज आहे. गाणे शिकवणे हे बैठेच काम, मग तान कितीही जोरकस असो.

पहिल्या आठवड्यात मी काहीही सोडले नाही. फक्त वहीत लिहिले. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगेन, कारण या आठवड्यात जे कळते ते पुढे कोणी सांगून कळत नाही. माझी समजूत अशी होती की आपण फार तर दोन हजार खातो. रात्री तर एकच भाकरी! वही निराळे सांगू लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी मी निपाणीला शिकवण्यांसाठी जातो. तिथला मंगळवारचा आकडा ३,१०० निघाला. भाकरी निर्दोष होती. सत्तर ग्रॅम जोंधळ्याच्या पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे २४० उष्मांक. पण निपाणीत सहा घरी शिकवणी, सहा घरी चहा. म्हशीचे दूध आणि दोन चमचे साखर घातलेला तो चहा कपाला शंभराच्या आसपास जातो. सहा कपांचे सहाशे, म्हणजे अडीच भाकरींचा ऐवज, आणि चहा काही 'खाणे' नव्हे म्हणून तो मी आयुष्यात कधी मोजलेलाच नव्हता. शेंगदाण्याच्या चटणीचे दोन चमचे शंभराच्या वर. बसची वाट पाहताना घेतलेली भजी वेगळी. बेळगावच्या कुंद्याचा आकडा मला पुस्तकात सापडला नाही. तो खव्याचा भाऊ समजून मी शंभर ग्रॅमला चारशेवर धरतो. हलवायाला विचारले तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी पाव किलो विकत घेऊन परतलो.

मोजणाऱ्याची स्मरणशक्ती कशी फितूर असते, याचा दाखला १९९२ साली अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात आला होता. काही स्थूल माणसांची तक्रार होती की आम्ही बाराशेच्या आत खातो तरी वजन हलत नाही. तपासल्यावर असे निघाले की ती मंडळी खात असलेल्यापैकी जवळजवळ निम्मे नोंदवतच नव्हती. ती काही खोटारडी नव्हती. माझ्या चहासारखेच त्यांचे काहीतरी असणार.

तेलाच्या बाबतीत मात्र वही हरते. फोडणीतले तेल कोणाच्या ताटात किती गेले हे कोण सांगणार? त्यावर मला महिन्याच्या सामानाच्या यादीने वाट दाखवली. आम्ही घरात चौघे, महिन्याला तेल पाच लिटर. ते साडेचार किलो भरते. त्याला नऊने गुणा, चौघांत आणि तीस दिवसांत वाटा: माणशी रोजचे सुमारे ३४० उष्मांक. वाचकांनी आपल्या घरचे तेल असेच मोजून पाहावे. काटासुद्धा लागत नाही. या महिन्यात आमच्याकडे साडेतीन लिटर आले. भाजीची चव गेली, असे आईसुद्धा म्हणाली नाही.

"आम्ही सडपातळ आहोत, आम्हाला याचे काय?" असे विचारणाऱ्यांना पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली पाहिजे. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते, या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२. काटा दोघांना सारखेच म्हणतो, आत मात्र दुपटीहून अधिक फरक. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे असे सांगतात, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. शिंप्याची टेप घरोघर असतेच.

या मोजण्याविरुद्ध बोलणारी माणसे काही सामान्य नाहीत. ऋजुता दिवेकर आकडे बाजूला ठेवून आजीच्या ताटाकडे परत जा म्हणतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी उभारलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. तिने पुष्कळांचे भले झाले असे मी ओळखीच्यांकडून ऐकतो. माझा त्यांच्याशी वाद नाही. पण आजीच्या ताटामागे आजीचे काम होते. विहिरीचे पाणी आणि जाते माझ्या वाट्याला आलेले नाही. ताट तेवढे आले.

शिवाय मोजणे हे जन्मभराचे व्रत आहे असे मला मुळीच वाटत नाही. त्रितालाच्या सोळा मात्रा नवा विद्यार्थी हातावर मोजतो; पहिलीला टाळी, पाचवीला टाळी, नववीला खाली, तेराव्याला टाळी. वर्षभराने तो हात आपोआप थांबतो. मोजत मोजत गाणारा गवई मला ऐकवत नाही, आणि कधीच न मोजलेला समेवर येत नाही. माझी वही आता आठवड्यातून दोनच दिवस उघडते. पाच महिन्यांत वजन ९१ चे ८४ झाले. रोज पाचशे उष्मांक कमी केले तर आठवड्याला साधारण अर्धा किलो, असा कागदी हिशेब आहे. प्रत्यक्षात पहिल्या दोन महिन्यांनंतर गाडी मंदावते, कारण लहान झालेल्या देहाला लागतेही कमी. ते आधी ठाऊक असलेले बरे, नाहीतर माणूस तिसऱ्या महिन्यात काटा विकून टाकतो.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून वाईट झाली, ती लिहिली पाहिजे. निपाणीला माझ्याकडे पंधरा वर्षांची एक मुलगी शिकते. गळा उत्तम. दिवाळीनंतर तिचा तार षड्ज डळमळू लागला, दम पुरेना. थंडी बाधली असेल असे मी समजलो. एके दिवशी तिने मोठ्या कौतुकाने मोबाइल पुढे केला: "सर, तुमच्यासारखंच मीपण लिहिते." दिवसाचा आकडा नऊशेच्या आत होता. शिकवणीच्या वेळी माझी वही पेटीवर उघडी पडलेली असायची, आणि मी विद्यार्थ्यांना तिच्यातले आकडे वाचून दाखवायचो, विनोद म्हणून. मी त्याच दिवशी तिच्या आईशी बोललो. मुलगी आता जेवते, डॉक्टरांकडेही नेले आहे, तार षड्ज अजून पूर्ण परतलेला नाही. वाढत्या वयाच्या मुलामुलींपुढे, गरोदर बाईपुढे, किंवा जिचे खाणे आधीच मोडलेले आहे तिच्यापुढे ही वही ठेवू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घास कमी करू नयेत. आईच्या दोषाचा अर्थ मला तिथे लागला. आपले घास आपण मोजावेत. पण मोजताना दुसऱ्याला दिसले, तर तोही आपले मोजू लागतो.

तेव्हापासून वही कपाटात असते. राहता राहिला निपाणीचा सहा घरचा चहा. "नको" म्हटले की यजमानीणबाईंचा चेहरा उतरतो, "वजन कमी करतोय" म्हटले की हसू होते. गेल्या शुक्रवारी मी म्हटले, "पथ्य आहे." पुढे कोणी एक शब्द विचारला नाही. एका घरी तर आजीबाई आतून ताकाचा पेला घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "पथ्याला हे चालतं. मीठ घालू का?"