संदिग्ध जलवनस्पती : डीएनएची साक्ष आणि वैद्यांचे कर्तव्य

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव पावसाळा सरता सरता हिरवे दिसू लागतात. भिवापूर तालुक्यातील अशाच एका तलावातून आम्ही एकदा दाहशामक लेपासाठी ताजे शैवाल आणावयास सांगितले. आणणाऱ्याने घमेलेभर हिरवे द्रव्य आणून दिले. ते स्वच्छ पाण्यात पसरले तेव्हा त्यात चार निरनिराळ्या वनस्पती दिसल्या : जलकुंभीची कोवळी रोपे, पाण्यात बुडून राहणारे तंतुमय शेवाळ, टिकलीएवढी तरंगती पाने आणि मोहरीहूनही बारीक हिरवे कण. यांतील शास्त्रोक्त शैवाल कोणते, हे आम्हांस छातीठोकपणे सांगता आले नाही. लेप अखेर चंदन व वाळ्याचा दिला. प्रश्न मात्र मनात राहिला.

भावप्रकाश निघंटूत वारिपर्णी अर्थात कुंभिका आणि शैवाल यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. आज शैवाल म्हणून कोणी सेरॅटोफायलम घेतो, तर कोणी व्हॅलिस्नेरिया. कुंभिका म्हणजे पिस्टिया असे बहुधा मानले जाते. परंतु जलकुंभी हेच नाव लोक जांभळ्या फुलांच्या जलपर्णीलाही देतात. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली. ती आपल्या ग्रंथकारांच्या दृष्टीस पडणे शक्यच नव्हते. नामसाम्यामुळे परदेशी वनस्पती संहितोक्त द्रव्याच्या जागी जाऊन बसते, ती अशी.

टिकलीएवढ्या तरंगत्या वनस्पतींची ओळख याहून कठीण आहे. स्पायरोडेलाला मुळांचा झुपका असतो, लेम्नाच्या प्रत्येक पर्णकाला एकच मूळ असते, वोल्फियाला मूळच नसते. येथवर डोळ्यांनी ठरते. पुढे जाती ओळखताना मात्र भिंगही अपुरे पडते, कारण यांना फुले क्वचितच येतात आणि वाढ बहुतांशी कळ्या फुटूनच होते. या अडचणीवर २०१० साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील संशोधकांनी उपाय सुचविला. त्यांनी ३१ जातींच्या ९७ नमुन्यांवर हरितलवकाच्या डीएनएतील ७ खुणा तपासल्या आणि त्यांपैकी एटीपीएफ व एटीपीएच या जनुकांमधील भाग ओळखीसाठी विशेष उपयुक्त ठरविला. नमुन्यातील त्या भागाचा अक्षरक्रम वाचून तो ज्ञात नमुन्याशी ताडून पाहावयाचा, अशी ही पद्धत आहे.

म्हणून प्रत्यक्ष निरीक्षण निरुपयोगी ठरले काय? मुळीच नाही. स्पायरोडेला हा सुरणाचे कुळ आणि या सूक्ष्म वनस्पती यांना जोडणारा दुवा आहे, असे दिल्ली विद्यापीठाच्या सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९५८ मध्ये केवळ रचनेच्या अभ्यासावरून मांडले होते. पुढे डीएनएच्या अभ्यासानेही या वनस्पतींचे सुरणाच्या कुळाशी असलेले नाते दाखवून दिले. पिस्टियाही त्याच कुळातील, परंतु तिची शाखा वेगळी. चांगल्या डोळ्यांनी पाहिलेले आणि यंत्राने वाचलेले असे एकमेकांस पुष्टी देते.

तथापि या साक्षीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. हरितलवकाचा डीएनए सामान्यतः मातृकुलाकडूनच येतो. त्यामुळे संकर केवळ त्यावरून ओळखता येत नाही. लेम्ना जॅपोनिका हा असाच संकर असल्याचे अलीकडे स्पष्ट झाले आहे. क्वाथात डीएनएचे तुकडे होतात आणि भस्मात तो उरतच नाही. म्हणून परीक्षा कच्च्या द्रव्याचीच व्हावी. शिवाय या वनस्पती पाण्यातील जड धातू शोषून घेतात. जात अचूक ठरली तरी सांडपाण्याच्या डबक्यातील वनस्पती औषधी ठरत नाही. देश, काल, रस, वीर्य यांविषयी डीएनए काहीही बोलत नाही.

चरकाचार्यांनी सांगून ठेवले आहे की, गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, परंतु तेवढ्याने त्यांचा प्रयोग कळत नाही. आमच्या मते डीएनए परीक्षा ही या नामरूपज्ञानाचीच अत्यंत सूक्ष्म आवृत्ती होय. तिला तुच्छ लेखणे अशास्त्रीय आणि तिला सर्वस्व मानणे हेही अशास्त्रीय. द्रव्य कोणते हे तिने सांगावे. ते कोणास, केव्हा व किती द्यावे हे वैद्याने ठरवावे.

यंत्रे प्रयोगशाळांत आहेत; पण ताडून पाहण्यासाठी विश्वसनीय नमुने नसतील तर त्यांचे उत्तर व्यर्थ. ते नमुने तलावाकाठी राहणारा वैद्यच देऊ शकतो. म्हणून वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे की, आपण वापरीत असलेल्या प्रत्येक संदिग्ध द्रव्याचा एक तरी नमुना वाळवून कागदावर लावावा. त्यावर स्थान, दिनांक, स्थानिक नाव आणि ते नाव सांगणाऱ्याचा व्यवसाय लिहावा. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडून तो तपासून घ्यावा. संघटनेच्या जिल्हा शाखांनी हे नमुने एकत्र जतन करून त्यांची डीएनए परीक्षा करवून घ्यावी.

आमच्या घमेल्यातील चार वनस्पती आता चार कागदांवर आहेत. त्यांपैकी दोहोंपुढील नावाची जागा अद्याप रिकामी आहे. ती अनुमानाने भरण्यापेक्षा रिकामी ठेवणे आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. इत्यलम्.