निविदेने घेतलेली आज्ञावली

डिसेंबर २०२३ मध्ये मध्यप्रदेश शासनाच्या ‘ई-नगरपालिका’ या संगणक-प्रणालीवर खंडणीखोरांनी हल्ला चढविला आणि राज्यातील ४१३ नागरी संस्थांचे व्यवहार एकाएकी खोळंबले. त्यांत महानगरपालिका होत्या, तशा देवास जिल्ह्यातील लोहारद्यासारख्या चिमुकल्या नगर परिषदाही होत्या. जन्म-मृत्यूचे दाखले, घरपट्टी, पाणीपट्टी, सारेच एका यंत्रणेत गुंफलेले. ती बंद पडताच गावच्या कचेरीतील लिपिकाने हात वर करण्यापलीकडे काय करावे? चोरास दोष द्यावा हे खरेच. परंतु चारशे तेरा घरांना एकच कुलूप लावणाऱ्यांनाही दोन प्रश्न विचारावयास हवेत.

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने, म्हणून मराठी माणसास त्या मुलखाविषयी ममत्व आहे. परंतु हा प्रश्न केवळ माळव्याचा नव्हे. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली परीक्षा सुरू झाल्यावर उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचे कंत्राट दिले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, प्राध्यापकांना पुरेसा सराव नाही आणि निकालांना महिनोन्‌महिने विलंब! रत्नागिरी-सिंधुदुर्गातील मुलांचे पुढील प्रवेश त्यात अडकले. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, खरेदीची रीत मात्र राहिली.

ही रीत मोरी बांधण्याची आहे. नकाशा काढावा, निविदा मागवावी, सर्वांत कमी दराच्या ठेकेदारास काम द्यावे आणि पूर्णतेचा दाखला देऊन देयक चुकते करावे. मोरी एकदा बांधली की बरीच वर्षे उभी राहते. आज्ञावलीचे तसे नाही. कराचा दर बदलला, नियम बदलला, चोरांनी नवी युक्ती काढली की तिला पुन्हा हात लावावा लागतो. तो हात कोणाचा? बहुधा ठेकेदाराच्या नोकराचा. कराराची मुदत संपली की तो जातो आणि प्रणालीचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. मग खात्याला त्याच ठेकेदाराच्या दारी जावे लागते, किंवा सारे मोडून नवी निविदा काढावी लागते. केंद्रीय अर्थखात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली, हे चांगलेच झाले. पण गुणवत्ता पारखणारा माणूसच खात्यात नसेल तर ते गुण कोण देणार?

त्याच माळव्यात, धार जिल्ह्यात, जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ हा उपक्रम सुरू झाला होता. गावोगावच्या सूचनालयांतून शेतकऱ्यास बाजारभाव कळत, जमिनीच्या उताऱ्यासाठी अर्ज करता येई, गाऱ्हाणे मांडता येई. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विजेचा लपंडाव आणि अडखळणाऱ्या दूरध्वनी-तारा यांनी तो जेरीस आलाच, परंतु खरी उणीव निराळी होती. तो उत्साही अधिकाऱ्यांच्या बळावर उभा होता आणि अधिकारी बदलून जातात. त्यांच्या मागे ते काम वाहणारी कायमची माणसे शासनाने नेमली नाहीत. पुरस्काराचे कौतुक मात्र पुढे कितीतरी वर्षे चालले!

माणसे नेमणे शासनाला जमत नाही असेही नाही. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रात शासनाचे स्वतःचे तंत्रज्ञ आहेत आणि वाहन-नोंदणीची ‘वाहन’ व परवान्यांची ‘सारथी’ या प्रणाली तेथेच घडल्या. त्यांतही दोष निघतात, परंतु ते दुरुस्त करणारा कोण, हे शोधत फिरावे लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, राज्यांनी प्रत्येक मोठ्या खात्यात चांगल्या वेतनावर निदान पाच-सात जाणकार कायम नेमावेत. निविदेचा मसुदा त्यांनी लिहावा आणि आज्ञावलीची मूळ संहिता शासनाच्या मालकीची राहील अशी अट त्यात घालावी. प्रणाली आधी दोन-चार गावांत वर्षभर चालवून पाहावी, मगच ती साऱ्या राज्याच्या गळ्यात बांधावी. अशी पहिली चाचणी राजधानीत न घेता लोहारद्यासारख्या ठिकाणी घ्यावी. तेथे वीज गेली, तार तुटली, लिपिक रजेवर गेला, म्हणजे काय होते ते ठेकेदाराला देयक देण्यापूर्वीच कळेल.