सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव घाबरा का होतो?

डोकं जड, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या. ईसीजी आणि रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मग घरचे म्हणतात, "काही झालेलं नाही तुला, उगाच विचार करतेस." पण त्रास तर खरा असतो.

डिप्रेशनचा अंदाज घ्यायला जगभर 'पीएचक्यू-९' ही ९ प्रश्नांची चाचणी वापरतात. अमेरिकेत तयार झालेली ही चाचणी ऑनलाइनही सहज सापडते. त्यात उदासपणा, झोप, भूक, थकवा यांबद्दल प्रश्न आहेत. धडधड किंवा मुंग्यांबद्दल एकही नाही.

म्हणजे आपण मनातलं लपवतो का?

तसं नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या १४ देशांच्या अभ्यासात, डॉक्टरकडे आलेल्या डिप्रेशनच्या ६९ टक्के रुग्णांनी आधी फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या. पण थेट विचारल्यावर मनाचा त्रास नाकारणारे फक्त ११ टक्के होते. म्हणजे लोक सांगतात, कुणीतरी विचारायला हवं.

मग संस्कृतीचा संबंध काय?

त्रासाला नाव काय द्यायचं आणि कारण काय मानायचं, हे आपण आजूबाजूच्यांकडून शिकतो. आपल्याकडे 'टेन्शन' म्हणतात. उत्तर भारतात अनेक पुरुष अशक्तपणाचं खापर 'धात जाण्या'वर फोडतात. झिम्बाब्वेत शोना भाषेतला शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे अती विचार करणं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत या दोन्हींची नोंद आहे.

झिम्बाब्वेचे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये याच शब्दाचा आधार घेतला. प्रशिक्षण दिलेल्या आज्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागल्या. गोव्यात 'संगाथ' संस्थेनेही डॉक्टर नसलेल्या स्थानिकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये त्यामुळे जास्त रुग्ण बरे झाल्याचं २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्यासाठी हे का महत्त्वाचं?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. डॉक्टरांची कमतरता आहेच. पण "रिपोर्ट नॉर्मल आहेत, घरी जा" इथेच बोलणं संपलं, तर पुढची वाटही बंद होते.

शरीराची तपासणी आधी कराच. ती नॉर्मल आली, तर डॉक्टरांना झोप, भूक आणि मनावरचा ताण यांबद्दलही सांगा. सरकारच्या 'टेली मानस' हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, २४ तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं. 'डिप्रेशन' हा शब्द वापरायलाच हवा असं नाही. "जीव घाबरा होतो" एवढं सांगून सुरुवात केली तरी चालेल.