रेपो दर, सेन्सेक्स आणि आपल्या ठेवी

ठाणे-कल्याण पट्ट्यात सध्या गुंतवणुकीवर व्याख्याने देत फिरणाऱ्या एका वक्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शेअर बाजार रिझर्व्ह बँकच चालवते. व्याजदर उतरवला की बाजार वर, चढवला की खाली. आतल्यांना ते आधी कळते, तुम्ही-आम्ही मागाहून रडतो. अशा संस्थेवर विश्वास ठेवणे हा भाबडेपणा. तेव्हा बँकेतल्या ठेवी मोडा आणि पैसा बाजारात घाला. डोंबिवलीच्या व्याख्यानाला बहुतेक निवृत्त मंडळी होती आणि या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला काळजी वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

बाजार जर विश्वास ठेवू नये अशा हातात असेल, तर पेन्शनीचा पैसा नेमका त्याच बाजारात का घालायचा? याचे उत्तर वक्त्यांनी दिले नाही.

पण मूळ दावाच तपासू. फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसा देते तो दर, साडेसहा टक्के झाला आणि पुढची दोन वर्षे तो तिथेच राहिला. या काळात सेन्सेक्स साठ हजारांच्या आसपासहून निघून सप्टेंबर 2024 मध्ये पंचाऐंशी हजारांच्या वर गेला आणि त्यानंतर हजारो अंशांनी घसरला. दर जागचा हलला नाही, बाजार मात्र डोंगर चढून उतरला. पुढे 7 फेब्रुवारी 2025 ला जवळजवळ पाच वर्षांनी पहिली कपात झाली. बाजाराने उसळी घ्यायला हवी होती. तो जवळपास दोनशे अंशांनी खाली बंद झाला. 27 मार्च 2020 ला, टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात, रिझर्व्ह बँकेने दर एकदम पाऊण टक्क्याने उतरवला. त्या दिवशीही सेन्सेक्स घसरणीतच बंद झाला. उलट 4 मे 2022 ला बैठकीच्या ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर दर वाढवला, तेव्हा बाजार तेराशे अंशांनी कोसळला. 6 जून 2025 ला पाव टक्क्याची अपेक्षा असताना अर्धा टक्का कपात झाली, सोबत बँकांनी रिझर्व्ह बँकेत ठेवायचे रोख राखीव प्रमाणही उतरवले, आणि बाजार साडेसातशे अंशांनी चढला.

या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की दिसते ते असे. जे अपेक्षित असते ते भावात आधीच मुरलेले असते; अनपेक्षित निर्णयाने बाजार दचकतो. शिवाय परदेशी गुंतवणूकदारांची विक्री, कंपन्यांचे तिमाही निकाल, कच्च्या तेलाचा भाव, अमेरिकेतले व्याजदर यांपैकी काहीच रिझर्व्ह बँकेत ठरत नाही. प्रभाव आहे, ताबा नाही. वक्त्यांनी या दोन गोष्टी एक करून टाकल्या आणि सगळी गफलत तिथेच झाली.

बाकीचे आक्षेप चटकन उरकतो. आतल्यांना आधी कळते म्हणावे, तर दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या सहाही सदस्यांची मते नावानिशी, बैठकीनंतर चौदाव्या दिवशी जाहीर होतात. रिझर्व्ह बँक नोटा छापून शेअर घेते म्हणावे, तर तसे जपानच्या मध्यवर्ती बँकेने 2010 पासून निर्देशांक फंडांमार्फत केले. आपली रिझर्व्ह बँक शेअर घेत नाही.

हा वाद नवा नाही. 1992 च्या रोखे घोटाळ्यात पोकळ बँक रिसीटांवर बँकांचा पैसा बाजारात गेला, तेव्हाही एक पक्ष म्हणत होता की बाजार म्हणजे निव्वळ जुगार, आणि दुसरा म्हणत होता की रिझर्व्ह बँक झोपली होती. दुसऱ्या पक्षात तथ्य होते. पण त्या घोटाळ्याने धडा दिला तो देखरेख कडक करण्याचा. बँकांकडे पाठ फिरवा, असे त्यातून निघत नव्हते.

आणि प्रभाव खरोखर कुठे जाणवतो तेही पाहा. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडली गेली. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो अडीच टक्क्यांनी चढला. घोडबंदर रोडला घेतलेल्या फ्लॅटवर वीस वर्षांचे चाळीस लाखांचे कर्ज असेल, तर 6.7 टक्क्यांना असलेला सुमारे तीस हजार तीनशेचा हप्ता 9.2 टक्क्यांना साडेछत्तीस हजारांवर जातो. ज्या घराने एक शेअर कधी घेतला नाही, त्या घराचेही महिन्याचे गणित हा दर बदलतो.

वक्त्यांच्या भाषणात एकच मुद्दा भक्कम होता आणि त्याला त्यांनी एक वाक्य दिले : सहकारी बँका. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असे सांगितले गेले. एकाच बांधकाम समूहाकडे त्या बँकेचे सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज अडकले होते, आणि ते बनावट खात्यांआड लपवले होते. तपासणीत ते वर्षानुवर्षे सापडले नाही. सीकेपी बँक 2014 पासून निर्बंधांखाली होती. परवाना रद्द झाला 2020 मध्ये. इतकी वर्षे ठेवीदार ताटकळत राहिले, हा देखरेखीचा दोष आहे आणि तो मी झाकणार नाही.

माझी बाजू मग काय? रिझर्व्ह बँकेवर विश्वास ठेवावा, पण हिशेब मागत ठेवावा. 2022 मध्ये सलग तीन तिमाही महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली म्हणून कायद्याप्रमाणे तिने सरकारला कारणे लिहून दिली. ते पत्र जनतेपुढे आले नाही. ते यायला हवे. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात द्यावेत असा निकाल दिला. ते अहवाल ठेवीदाराला सहज वाचता आले पाहिजेत.

आणि डोंबिवलीतल्या त्या श्रोत्यांना विनंती : भाषण ऐकून ठेवी मोडू नका. आपल्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेला जा, अहवालातले थकीत कर्जाचे आकडे विचारा. फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे. त्याहून जास्त रक्कम असेल तर ती दोन बँकांत विभागून ठेवा.